ऑलिव्हचा अर्धा भाग

रविवार, १ ऑक्टोबर

आज त्या पिझ्झाच्या दुकानात पुन्हा खुर्चीवरून घसरलो. पडलो नाही, पण भिंगरी एवढी हसली की प्यायलेलं सरबत नाकातून आलं. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत, बसणारा फार वेळ टिकू नये अशाच बेताने केलेल्या. दारातून आत पाऊल टाकलं की लाल टोप्यांमधली पोरं एका सुरात "या, या, स्वागत!" असं ओरडतात, जणू मी निवडणूक जिंकून आलोय. गाणी इतकी मोठ्यांदा की "मीठ दे" म्हटलं तर समोरचा "कुणाला काय झालं?" असं विचारतो. या कंपनीची दुकानं म्हणे गावोगावी आहेत आणि सगळीकडे हेच टेबल, हीच टोपी, हेच ओरडणं. तरी आठवड्यातून या एका दिवशी मी दाढी मन लावून करतो.

कारण भिंगरी. माझी नात. पहिलीत आहे, एका जागी दोन मिनिटं बसत नाही म्हणून हे नाव मीच ठेवलं. सून तिला घेऊन येते, माझ्या हवाली करते आणि कामावर परत जाते. याच इमारतीत मागच्या बाजूला चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती नोकरी करते. रविवारी दुपारी तिथे झुंबड असते. तीनला ती परत येते, तोवर भिंगरी माझी. बाकीचा आठवडा मी आणि रेडिओ.

पिझ्झा ठरलेला. एक मोठा, अर्धा मक्याचा, अर्धा ऑलिव्हचा. मका भिंगरीचा, ऑलिव्ह चिरंजीवांचं. चिरंजीव घर सोडून गेल्याला दीड वर्ष झालं, पण मी ऑर्डर बदललेली नाही. उद्या माणूस परत आला आणि त्याच्या वाटणीचं टेबलावर नाही, असं व्हायला नको. तो अर्धा भाग कुणी खात नाही. टोपीवाली पोरगी खोक्यात भरून देते आणि सोमवारी मी तो गिळतो. मला ऑलिव्ह मुळीच आवडत नाही. जुन्या बुटाचा तुकडा चावल्यासारखं लागतं.

सून आली की भिंगरीच्या ताटात उरलेल्या कडा खाते आणि वर पाणी पिते. तिचीही नजर त्या ऑलिव्हच्या भागाकडे जाते, मी पाहिलंय. तिलाही आठवण येत असणार. बोलून दाखवत नाही एवढंच.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

फोन आला! चिरंजीवांचा. कित्येक महिन्यांनी. मी हातातला चहा तसाच सांडला.

"अप्पा, कसे आहात?" आवाज थोडा बसलेला. मी म्हटलं, मी मजेत आहे, तुझं सांग. तो म्हणाला, चाललंय. मग लगेच भिंगरीवर आला. उंच झाली का, कुठल्या शाळेत घातलंय, माझी आठवण काढते का. शेवटच्या प्रश्नाला मी काढते म्हणालो. खरं म्हणजे हल्ली फारशी काढत नाही, पण बापाला असं कोण सांगतं?

मागे कुठल्या तरी बाईचा आवाज येत होता, "विचार ना, विचार ना" असा. टीव्ही असावा. तो पहिल्यापासून टीव्ही मोठा लावतो.

तीस वर्षं मी लायसन्सच्या ऑफिसात गाडीची परीक्षा घेतली. शेजारी बसलेला माणूस मला गाडी कोपऱ्यावर पोचेपर्यंत कळतो. आरशात बघतो का, क्लचवरचा पाय थरथरतो का, घाबरला की ब्रेककडे जातो की दुसऱ्याला शिव्या देतो. फोनवरचा माणूस मात्र कळत नाही. तरी आपलं पोर ते आपलं पोर. त्याला घर आठवतंय.

रविवार, ८ ऑक्टोबर

आज सूनबाईंनी अचानक विचारलं, "अप्पा, त्याचा फोन येतो का तुम्हाला?"

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि मान हलवली. नाही. खोटं बोललो. पण चांगल्या कामासाठी. आधीच सांगितलं तर ती बिथरेल, नको म्हणेल, आणि जुळत आलेलं मोडेल.

"आला तर मला सांगा," ती म्हणाली. "मी भांडणार नाही. फक्त सांगा."

म्हणजे हीसुद्धा वाट बघतेय! इतकी वर्षं ओळखतो मी तिला. लग्नाआधीपासून. मी तिला परीक्षेत दोनदा नापास केलं होतं, दोन्ही वेळेला चढावर गाडी मागे गेली. दुसऱ्या खेपेला ती आवारात रडत उभी होती आणि चिरंजीव माझा डबा घेऊन आले होते. त्यांनी तिला पाणी दिलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मी तिला तेव्हा सांगितलं होतं, जे मी प्रत्येकाला सांगायचो, "नापास झालात म्हणजे संपलं नाही. महिन्याने परत या." ती महिन्याने आली आणि चढावर अशी गाडी उभी केली की मी पेन खाली ठेवलं.

जाताना म्हणाली, "शाळेत सांगून ठेवलंय, भिंगरीला माझ्याशिवाय कुणाच्या हाती सोडायचं नाही." मी म्हटलं, चांगलं केलंस. मनात म्हटलं, पोरगी फारच भित्री झालीय.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा फोन. आता दर आठवड्याला येणार असं दिसतंय. आज बराच वेळ बोलला. रविवारी आम्ही किती वाजता जातो, कुठे बसतो, सून मध्ये किती वेळ नसते, सगळं बारकाईने विचारलं. मला बरं वाटलं. दूर राहणारा माणूस घरच्या गोष्टी अशाच डोळ्यांसमोर आणत असतो. मी त्याला खेळघरसुद्धा सांगितलं. दुकानाच्या कोपऱ्यात जाळी लावलेलं एक खेळघर आहे, घसरगुंडी, रंगीत चेंडू वगैरे. पोरांनी बूट काढून आत जायचं. आत जाताना पोराच्या मनगटाला एक कागदासारखा, पण चिवट पट्टा बांधतात आणि त्याच आकड्याचा दुसरा आपल्या मनगटाला. बाहेर काढताना दोन्ही आकडे जुळले तरच पोर हाती देतात. तो पट्टा ओढून फाटत नाही, कात्रीच लागते.

"तो पट्टा तुमच्या हातात असतो?" त्याने विचारलं.

"मग काय तुझ्या हातात?" मी म्हटलं, आणि दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी त्याला हसवलं.

रविवार, १५ ऑक्टोबर

आज खेळघरापाशी तमाशा झाला. एका बापाचा सैल बांधलेला पट्टा हात धुताना निसटून गेला आणि टोपीवाली त्याच्या हाती मुलगा देईना. तो चिडला. मुलगा आतून "तेच माझे बाबा आहेत" म्हणतोय, तरी ही ढिम्म. "सर, आई येऊ दे. नाहीतर मॅनेजर येऊ दे." शेवटी आई आली तेव्हा सुटका झाली. मी टोपीवालीला म्हटलं, पोरी, तू आमच्या ऑफिसात हवी होतीस. ती म्हणाली, "काका, गेल्या वर्षी दुसऱ्या शाखेत एक मूल भलत्याच्या हाती गेलं होतं. तेव्हापासून फार कडक आहे." मला ती मुलगी आवडते. नियम म्हणजे नियम.

सून आज तीनच्या आधीच आली. म्हणाली, "अप्पा, भिंगरीचा पासपोर्ट तुमच्या कपाटात आहे ना? पुढच्या वेळी आणाल?" भिंगरी लहान असताना सगळ्यांनी मिळून लांब फिरायला जायचं ठरलं होतं, तेव्हा काढलेला. जाणं झालंच नाही. मी म्हटलं, सापडला की देतो. कशाला हवाय हे विचारलं नाही. तिने कडा खाल्ल्या, पाणी प्यायली. डोळ्यांखाली काळं दिसत होतं.

बुधवार, १८ ऑक्टोबर

हे वाचून कुणाला खरं वाटणार नाही. चिरंजीवांनीही आज पासपोर्टच मागितला! "अप्पा, भिंगरीचा पासपोर्ट तुमच्याकडे असेल बघा. तिला विचारू नका, तुम्हीच घेऊन या." दोघांच्या मनात एकाच आठवड्यात एकच गोष्ट. दोघांनाही ती राहिलेली सहल आठवत असणार, आणि दोघंही एकमेकांना सांगायला लाजतायत. या वयात मला मध्यस्थ व्हायला लावलंय.

तो रविवारी येतोय. रविवारी! सुनेला कळू द्यायचं नाही, तिला चकित करायचं. ती कामावर गेली की तो येणार, भिंगरीला भेटणार, आणि तीनला सून येईल तेव्हा बाप-लेक समोर बसलेले असतील. मी म्हटलं, ती ओरडली तर? तो म्हणाला, "तुम्ही असताना ओरडणार नाही."

मनात एक खडा आहे, लिहून ठेवतो. मी त्याला विचारलं, मुक्काम किती दिवस? तो म्हणाला, "बघू." मी म्हटलं, घरी उतर, तुझी खोली झाडून ठेवतो. तर म्हणाला, "नको अप्पा, त्रास नको." बापाच्या घरी कसला आलाय त्रास?

शनिवार, २१ ऑक्टोबर

खोली झाडली. चादर बदलली. नको म्हणाला असला तरी.

पासपोर्ट कपाटात वरच्या खणात होता. फोटोत भिंगरीने गाल फुगवलेत, जणू फोटो काढणाऱ्याशी भांडण आहे. शर्टाला इस्त्री केली. जेवण गेलं नाही. सुनेला फोन करून सांगून टाकावं असं संध्याकाळपासून वाटतंय. "फक्त सांगा," म्हणाली होती. दोनदा फोन हातात घेतला. पण मग तो येणारच नाही, आणि मग मी काय दर रविवारी तो ऑलिव्हचा भाग समोर ठेवून बसणार? मला माझं घर परत हवंय. एवढंच हवंय. त्यासाठी एक दिवस गप्प बसलो तर बिघडलं कुठे?

रविवार, २२ ऑक्टोबर

मनगट सुजलंय, अक्षर वेडंवाकडं येईल. पण आजच लिहायला हवं, उद्या मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

सूनबाई नेहमीप्रमाणे भिंगरीला देऊन गेली. मी खिडकीजवळचं टेबल घेतलं होतं. भिंगरीने बूट काढले, टोपीवालीने तिच्या आणि माझ्या मनगटाला पट्टे बांधले, आणि ती चेंडूंत गायब झाली. मी नेहमीचा पिझ्झा सांगितला. वरच्या खिशात पासपोर्ट.

तो आला. वाळलाय. अंगाला अत्तराचा वास, दाढी कोरलेली. वाकून नमस्कार केला आणि माझे डोळे भरले. बसल्या बसल्या त्याने दाराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा दाराकडे. मी म्हटलं, घाबरू नकोस, ती तीनशिवाय येत नाही.

पिझ्झा आला. मी ऑलिव्हचा भाग त्याच्याकडे फिरवला. हा क्षण मी किती वेळा मनात बघितला होता.

"ऑलिव्ह?" तो म्हणाला. "मी आता खात नाही, अप्पा. पित्त होतं."

दीड वर्षाचे सोमवार आठवले.

"पासपोर्ट आणलात?" मी बाहेर काढला, पण त्याच्या हातात दिला नाही. का दिला नाही ते मलाही सांगता येणार नाही. टेबलावर ठेवला आणि वर तळहात ठेवला. तो म्हणाला, "आणि पट्टा द्या. टोपीवालीकडून कात्रीने कापून घ्या आणि सांगा की मी बाप आहे. तिला बाहेर आइसक्रीम खायला नेतो. पाच मिनिटं."

"आइसक्रीम इथेही मिळतं."

"बाहेरचं चांगलं असतं."

तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघितलं. सवयच आहे, माणूस गाडीकडे बोट दाखवतो त्याआधी मी गाडी बघितलेली असते. समोर, जिथे गाडी उभी करायची नाही अशी पाटी आहे तिथेच, एक पांढरी गाडी. तोंड रस्त्याकडे. पुढची चाकं बाहेरच्या बाजूला वळवलेली. इंडिकेटर चालू. मागून धूर येतोय, म्हणजे इंजिन सुरू. मागच्या सीटवर काचेपर्यंत बॅगा, आणि त्यांच्यात एका लहान पोराच्या अंगाएवढी जागा मोकळी ठेवलेली. ड्रायव्हरच्या जागेवर एक बाई. दोन्ही हात स्टिअरिंगवर, सीटबेल्ट लावलेला.

सीटबेल्ट लावून आइसक्रीमची वाट कोण बघतं?

"कोण आहे गाडीत?" मी विचारलं.

"मैत्रीण आहे. सोडायला आलीय."

"तिला इंजिन बंद करायला सांग."

"काय?"

"इंजिन बंद करून तिला आत बोलाव. पिझ्झा खाऊ दे. मग मी तुला पट्टा देतो."

त्याने फोन उचलला नाही. खिडकीकडे वळलासुद्धा नाही. परीक्षेत मी एक साधी सूचना द्यायचो आणि माणूस ती पाळायच्या ऐवजी माझ्याशी वाद घालायला लागला की मला उरलेलं बघावं लागत नसे. पण तिथे माझा मुलगा नव्हता समोर. मला वाटत होतं, देवा, याने फोन उचलावा. उचलावा आणि म्हणावं, बंद कर गं इंजिन.

"अप्पा, ती माझी मुलगी आहे," तो दात आवळून म्हणाला. "तिच्या आईने मला दीड वर्षात एकदा तरी दाखवली का?"

"तू एकदा तरी आलास का?"

"आलो ना आता! आणि तुम्ही पुन्हा परीक्षा घेताय. जन्मभर नापासच केलंत मला." त्याने माझं मनगट धरलं. पट्ट्याखाली बोट घालून ओढलं. तो फाटत नाही, मीच त्याला सांगितलं होतं. कातडीत रुतला. मला लागलं, पण त्यापेक्षा लाज वाटली, शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले म्हणून. दुसरा हात त्याने पासपोर्टकडे नेला. मी पासपोर्ट खाली ओढला आणि त्याच्यावर बसलो. हो, बसलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या घसरड्या खुर्चीवर घट्ट बसलो.

आणि तेवढ्यात जाळीमागून आवाज आला, "बाबा!"

तिने बघितलं होतं. धावत फाटकाशी आली, केस चिकटलेले, गाल लाल. "बाबा आले! आजोबा, बाबा आले!" तो माझं मनगट सोडून तिकडे गेला. "चल सोन्या, गंमत दाखवतो." फाटकाशी टोपीवाली उभी. "सर, पट्टा?" तो म्हणाला, "ते माझे वडील बसलेत, पट्टा त्यांच्याकडे आहे. द्या तिला." टोपीवालीने माझ्याकडे बघितलं. नुसती मान हलवायची होती मला. पोरगी बापाला बिलगायला उतावीळ, सगळं दुकान बघतंय, आणि मी मान हलवायची.

"सोडू नकोस!" मी ओरडलो. एवढा ओरडलो की गाण्याच्या वर ऐकू गेलं. "पोरी, तिला सोडू नकोस. त्याच्याकडे पट्टा नाही."

भिंगरी घाबरली. तिला काहीच कळेना. ती जाळीला धरून म्हणाली, "बाबा, तुमचे ऑलिव्ह आहेत तिथे. आजोबा दर रविवारी ठेवतात."

तो थांबला. तिच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, त्या न शिवलेल्या अर्ध्या भागाकडे. क्षणभर वाटलं, बसेल. मी खुर्ची मागे सरकवलीसुद्धा त्याच्यासाठी. पण बाहेर हॉर्न वाजला. तो माझ्याजवळून गेला तेव्हा म्हणाला, "बघून घेईन." मला म्हणाला. मग दार, मग गाडी. बाईने आरशात बघून गाडी काढली. त्याने मागे बघितलं नाही.

भिंगरी रडत राहिली. टोपीवालीने तिला चेंडू दिले, पाणी दिलं. मला वाटलं, उठून निघून जावं, सुनेला तोंड दाखवूच नये. पण पट्टा माझ्या हातात होता.

तीनला ती आली. मी सगळं सांगितलं, फोनपासून सगळं. खोलीची चादर बदलल्याचंही सांगितलं, कशाला कुणास ठाऊक. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भिंगरीला बूट घातले. काउंटरवरून कात्री आणली आणि माझ्या मनगटावरचा पट्टा कापला, हळूच, सुजलेल्या भागाला लागू न देता. पासपोर्ट पर्समध्ये ठेवला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, अप्पा," ती म्हणाली.

तेवढंच. गेल्या दोघी. मी खोकंही न घेता घरी आलो.

सोमवार, २३ ऑक्टोबर

सुनेचा फोन. वकिलाला भेटून आली. म्हणाली, तो भिंगरीला परदेशी घेऊन पळणार अशी कुणकुण तिला महिन्यापूर्वीच लागली होती, म्हणून शाळेत सांगितलं, म्हणून पासपोर्ट मागितला. आणि मी सहलीची स्वप्नं बघत होतो.

"आम्ही आता येणार नाही रविवारी," ती म्हणाली. "महिन्याने बघू."

मी बरं म्हटलं. महिन्याने म्हणजे काय ते मला समजतं. माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, महिन्याने म्हणतात. मी गमावलं तिला. मुलगा तर आधीच गेला होता, हे काल कळलं. नात माझ्या हाताने घालवली.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

चिरंजीवांचा फोन. उचलला. आधी रडला, मग ओरडला, मग भिंगरी शाळेतून किती वाजता सुटते ते विचारलं. मी म्हटलं, तुला भेटायचं असेल तर कोर्टात जा, रीतसर भेट, मी स्वतः तुझ्याबरोबर येईन आणि तुझ्या शेजारी बसेन. पण चोरून नाही. त्याने फोन आपटला. तो माझा मुलगा आहे, हे काही संपत नाही.

लगेच सुनेला फोन करून सांगितलं. काय बोलला, काय बोललो, सगळं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "मनगट कसं आहे?"

रविवार, १२ नोव्हेंबर

एकटाच गेलो. घरात बसवेना. पोरं एका सुरात ओरडली. टोपीवालीने विचारलं, "काका, आज एकटे?" मी म्हटलं, सूप दे. सूप पुठ्ठ्याच्या चवीचं होतं. खेळघरातल्या पोरांकडे बघत बसलो, तर एक आई माझ्याकडे संशयाने बघायला लागली. बरोबरच आहे तिचं. उठलो.

रविवार, २६ नोव्हेंबर

सकाळी फोन आला. "अप्पा, निघालात का? आम्ही पोचतोय." मी म्हटलं, कुठे? "कुठे म्हणजे काय? महिना झाला ना?"

दाढी करताना दोनदा कापून घेतलं.

भिंगरी आल्या आल्या माझ्या पोटावर आदळली. पुढचा दात पडलाय. सूनबाई समोर बसली, चेहरा अगदी कोरा, आणि म्हणाली, "नापास झालात म्हणजे संपलं नाही. कुणीतरी मला सांगितलं होतं." मी मूर्ख! महिनाभर तिचं बोलणं उराशी धरून झुरत बसलो, आणि ते माझंच वाक्य होतं.

मी डोळे पुसले आणि ते कांद्यामुळे झालं म्हणून सांगितलं. टेबलावर कांदा नव्हता.

पट्टा तिने स्वतःच्या मनगटाला बांधून घेतला. आज ती दुकानात परत गेली नाही. "रविवारची दुपार मागून घेतलीय," म्हणाली. "अजून काही महिने पट्टा माझ्याकडेच राहील." मी म्हटलं, राहू दे. तसंच पाहिजे.

टोपीवाली आली. "नेहमीचंच ना काका? अर्धा मका, अर्धा ऑलिव्ह?"

"नको," मी म्हटलं. "आज पूर्ण मक्याचा."

भिंगरीने विचारलं, "आणि बाबांचा अर्धा?"

मी तिला म्हटलं, "बाबा आता ऑलिव्ह खात नाहीत, बाळा. त्यांनीच सांगितलं मला." तिने मान हलवली. पोरांना खरं सांगितलं की ती ऐकतात.

"मी खाते," सून म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"मला आवडतात. त्याच्यापेक्षा जास्त. पहिल्यांदा त्याला खायला मीच शिकवलं होतं." ती पट्ट्याशी चाळा करत होती. "कामावरून भुकेली यायची मी इथे, अप्पा. ते समोर असायचं. पण तुम्ही त्याच्यासाठी ठेवलं होतंत."

"अगं, मग घ्यायचं ना! बोलायचं तरी!"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

दीड वर्ष. दर रविवारी ती पोरीच्या ताटातल्या कडा खात होती आणि मी शेजारी बसून तिच्या डोळ्यांत माझ्या मुलाची आठवण शोधत होतो. मी टोपीवालीला हाक मारली आणि सांगितलं, नेहमीचाच आण, अर्धा-अर्धा, आणि ऑलिव्ह जरा जास्त टाक. पिझ्झा आला तेव्हा ताट मी फिरवलं. ऑलिव्हचा भाग तिच्या पुढ्यात.

तिने पोटभर खाल्लं. मध्ये मला एक तुकडा दिला, मी तोंड वाकडं केलं, भिंगरी हसली. शेवटी टोपीवाली सवयीने खोकं घेऊन आली आणि ताटात बघून तसंच परत घेऊन गेली. उद्या सोमवार. स्वतःसाठी काहीतरी रांधावं लागेल.